गोल्फचा स्विंग शिकवणारे दोन पंथ: "अंग फिरवा" कोर्स आणि "क्लबहेड सोडा" कोच, दोन्हीचा रिव्ह्यू

स्लाइस (बॉल उजवीकडे वळत जाणं) जात नाही म्हणून रोटेशनवाला ऑनलाइन कोर्स घ्यायच्या विचारात असाल तर जरा थांबा आणि हे वाचा. मी तो घेतला, त्याच काळात एका कोचकडेही जात होतो, आणि दोघं एकमेकांच्या बरोब्बर उलटं सांगतात, सुरुवातीला डोक्याचा पार भुगा होतो. नावं कुणाचीच देत नाहीये कारण असे कोर्स आणि असे कोच ढिगाने आहेत, प्रश्न पद्धतीचा आहे.

आधी कोर्स. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हातांनी काही करायचंच नाही, अंग फिरतं आणि हात आपोआप मागून येतात. डाऊनस्विंग (क्लब वरून खाली बॉलकडे आणणं) कमरेपासून, पँटचा डावा मागचा खिसा मागे खेचायचा (मी उजव्या हाताने खेळतो, डावरे असाल तर उलटं वाचा), छाती टार्गेटकडे उघडायची, बास. व्हिडिओ मात्र एक नंबर, यात वादच नाही. आधी कंबर, मग छाती, मग हात, मग क्लब अशा क्रमाने वेग चढत जातो आणि प्रत्येक भाग हळू होताना पुढच्याला वेग देतो, तो कायनेमॅटिक सिक्वेन्स मला याआधी इतका नीट कुणी समजावला नव्हता. आणि एक ड्रिल तर फारच भारी आहे, बेल्टच्या पुढच्या लूपमधून अलाइनमेंट स्टिक (दिशा लावायची बारीक काठी) आडवी घालायची आणि आरशासमोर बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणं) करायचा. काठीचं डावं टोक बॉलच्या दिशेला वळलं पाहिजे. नुसतीच काठी उजवीकडे गेली तर तुम्ही वळला नाहीत, सरकलात, आणि आरशात ते इतकं स्पष्ट दिसतं की कोचने सांगायची गरजच उरत नाही.

मग घोळ कुठे आहे? घोळ असा की स्लाइस मारणाऱ्या माणसाचे खांदे वरून निघतानाच उघडलेले असतात. त्याला अजून जोरात फिर म्हटलं की तो कंबर नाही, खांदेच फिरवतो, क्लब बाहेरून आत येतो आणि बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळत वळत झाडीत. लॉन्च मॉनिटर (क्लब आणि बॉलची हालचाल मोजणारं यंत्र) आल्यापासून हे तर उघड झालंय की बॉल कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) ठरवतो, ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) साधारण 85 टक्के आणि आयर्नला 75 च्या आसपास, आणि वळतो तो फेस आणि पाथ (क्लबचा मार्ग) यांच्यातल्या फरकामुळे. म्हणजे फेस उघडा (पाथच्या उजवीकडे बघणारा) असेल तर कितीही मस्त फिरा, वळण जाणार नाही. आणि या कोर्समध्ये ग्रिपचा (क्लब धरायचा कसा याचा) धडा कुठे आहे माहितीये? शेवटच्या मॉड्यूलमध्ये, बोनस म्हणून! अरे बाबांनो.

यांचं दैवत जुना अमेरिकन गोल्फर बेन हॉगन. डाऊनस्विंग कमरेने सुरू करा हे त्याने 1957 च्या पुस्तकात लिहिलं तेव्हापासून हा पंथ जोरात आहे. पण हॉगनने उमेदीची कितीतरी वर्षं हुकशी (बॉल डावीकडे वळणं, स्लाइसच्या उलट) झुंजण्यात घालवली होती, त्याची ग्रिप, त्याचं ते फिरणं, सगळं बॉल डावीकडे जाऊ नये म्हणून होतं. हुकवरचं औषध स्लाइसवाल्याला पाजलं तर काय होणार? कोर्समध्ये हॉगनचा जुना फोटो दर दोन धड्यांनी येतो, ही गोष्ट एकदाही येत नाही.

आता कोच. हा माणूस कमर हा शब्दच काढत नाही. पहिले काही सेशन पाय जुळवून अर्धे स्विंग, हातात सेव्हन आयर्न, आणि एकच सूचना की क्लबचा सूंऽऽ आवाज बॉलच्या पुढे आला पाहिजे, आधी नाही. ही परंपराही जुनीच आहे बरं का. अर्नेस्ट जोन्स नावाचा इंग्लिश प्रो होता, पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला, तरी तो एका पायावर चांगला खेळायचा, आणि मग आयुष्यभर त्याने हेच शिकवलं की क्लबहेड (क्लबचं खालचं टोक) झुलवा, अंग आपसूक येईल. रुमालाला छोटा चाकू बांधून तो झुलवून दाखवायचा. रुमालाला ढकलता येत नाही ना, झुलवावंच लागतं.

गंमत म्हणजे यात अंग खरंच फिरतं. पाय जुळवलेत, हात पूर्ण झुलतायत, मग छाती वळल्याशिवाय तोल राहतच नाही. डाऊनस्विंगला जेमतेम पाव सेकंद लागतो, तेवढ्यात कमरेला हुकूम देऊन कमर ऐकणार कधी? 1999 मध्ये गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवख्या लोकांवर पिच शॉटचा (जवळून मारायचा छोटा, उंच शॉट) प्रयोग केला होता, हाताच्या हालचालीकडे लक्ष द्या असं सांगितलेल्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्या सांगितलेले जास्त अचूक निघाले. मला तरी हे तंतोतंत पटलं.

पण कोचचे भक्त व्हायची गरज नाही. तो कारण सांगत नाही, व्हिडिओ काढत नाही, विचारलं तर "मारा अजून" एवढंच. आणि या पद्धतीचा स्वतःचा असा एक रोग आहे, हात सुटायला लागले आणि छाती थांबली की मनगटं पुढे पळतात, मग एक बॉल फॅट (क्लब आधी जमिनीला), पुढचा थिन (क्लब बॉलच्या वरच्या भागाला), अधूनमधून जमिनीलगतचा हुक. माझं तेच सुरू झालं आणि तिथे कोर्सवाला डावा खिसा खरोखर कामाला आला. म्हणजे इम्पॅक्टमधून पुढे छाती फिरत राहणं हे हवंच, फक्त ते क्लब कुठे चाललाय हे हातांना कळल्यावर.

पाठीचं वेगळं लिहायला हवं. कोर्समध्ये बॅकस्विंगला खांदे 90 अंश आणि कंबर धरून ठेवायची यावर फार जोर आहे, ती अमेरिकन कोच जिम मॅकलीनची 1992 ची एक्स फॅक्टरवाली कल्पना, खांदे आणि कंबर यांच्यातला फरक जितका जास्त तितकी ताकद जास्त. टूरवरच्या पोरांना जमतं हो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने कंबर अडवून खांदे पिळले की कळ थेट माकडहाडाच्या वर. कोचने फक्त डावी टाच उचलू दिली आणि काम झालं, जॅक निकलॉस आणि बॉबी जोन्स हे दिग्गज दोघंही उचलायचेच की, आणि निकलॉसच्या नावावर 18 मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं) आहेत. वळण पूर्ण मिळतं, पाठ गप्प. कोर्सने निदान सुरुवातीला एक चाचणी तरी द्यायला हवी होती: खुर्चीत बसा, गुडघे जुळवा, छातीवर क्लब आडवा धरा, दोन्ही बाजूंना 45 अंश वळता येतंय का बघा. नसेल येत तर ते व्हिडिओ तुमच्यासाठी नाहीतच.

कोर्सची फीडबॅक सर्व्हिस ठीकठाक. कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत ठेवा हे छान समजावतात, जरा डावी-उजवीकडे ठेवला तर पाथ भलताच दिसतो. पण मी स्विंग पाठवला की उत्तर यायचं "छान प्रगती, अजून टर्न करा". शँक (क्लबच्या दांड्याजवळ लागून भलतीकडे गेलेला बॉल) मारलेला पाठवला तरी तेच. बहुतेक कॉपी-पेस्ट.

कोर्सला पाचपैकी तीन, त्यातला एक त्या काठीच्या ड्रिलचा. कोचला चार. नवीन असाल किंवा बॉल उजवीकडे वळत असेल तर कोचसारखा कुणीतरी बघा. हुक मारत असाल, हात फार चपळ असतील आणि पाठ धड असेल तर कोर्स घ्या, फायदा होईल. आणि कुठेही पैसे भरायच्या आधी स्वतःचा बॉल कुठे निघतो आणि कुठे वळतो ते सांगून विचारा, पहिल्या धड्यात काय देणार? ग्रिप न बघताच कमरेवर गेले तर पुढचा पर्याय बघा.