शोभेचे गवत की साल्व्हिया? गोव्याच्या जांभ्यावर दहा महिन्यांनंतर

लावणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली, आणि हे लिहून होतेय चवथीच्या तोंडावर. जागा बार्देशातली, समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर. चिऱ्यांच्या कुंपणालगत ६ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद वाफा, सकाळी आठ ते दुपारी तीनपर्यंत ऊन. मागे गवताचे सहा ठोंब, पुढे साल्व्हिया या फुलझाडाच्या चार जाती.

रोपाच्या लेबलवर दोघांच्याही बाबतीत एकच लिहिलेले असते: भरपूर ऊन, कमी पाणी, काटक. हे खोटे नाही, पण गोव्यात त्याचा उपयोग ऑक्टोबर ते मे एवढाच. इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे खरी परीक्षा एकच, जुलैच्या मध्यावर वाफ्यात काय उभे आहे. उन्हाने यातले एकही झाड मेले नाही. मेली ती सगळी बुंध्याशी पाणी थांबून.

म्हणून आधी माती. जांभी माती सुटी असेल तर पाणी छान सोडते, पण घराभोवतीची बहुधा भरावाची असते, बांधकामात तुडवलेली. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून बादलीभर पाणी ओतावे. तासाभरात जिरले नाही तर गादीवाफा करण्यावाचून सुटका नाही. इथे वाफा २० सेंटिमीटर उचललेला आहे: दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग नदीची जाड वाळू. किनाऱ्याची वाळू फुकट मिळते म्हणून घालू नये, तिच्यातले मीठ साल्व्हियाच्या रोपांना पंधरा दिवसांत दिसते. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळतात. नारळाच्या सोडणाचा भुसा न धुता वापरला तरी तेच होते. तो रात्रभर भिजवून, पिळून, पुन्हा एकदा धुवावा लागतो.

आता गवत. सहापैकी चार ठोंब जांभळ्या फाउंटन गवताचे, एक पंपास, एक वाळा. फाउंटन गवताची पाने लाल वाइनच्या रंगाची, उंची मीटरभर, आणि नोव्हेंबरपासून तुऱ्यांची कमान. तुरा जवळून पाहिला तर कोल्ह्याच्या शेपटीसारखा. सकाळच्या दवात प्रत्येक केसावर पाण्याचा कण असतो आणि साडेनऊपर्यंत सगळे वाळून तुरा पुन्हा फुलतो. जांभळा रंग मात्र उन्हावर आहे. आंब्याच्या सावलीकडचा एक ठोंब डिसेंबरपर्यंत हिरवट झाला आणि तसाच राहिला.

अंतर ७५ सेंटिमीटर ठेवावे. सुरुवातीला वाफा भकास दिसतो आणि हात शिवशिवतात, पण जवळ लावलेले ठोंब पावसात एकमेकांवर पडतात. खत जवळजवळ नकोच: लावताना दोन ओंजळी शेणखत, बस. युरिया टाकला की पाने लांबतात, मऊ पडतात आणि पहिल्याच वादळी सरीत ठोंब भांग पाडल्यासारखा दोन्हीकडे फुटतो.

सगळ्यात महत्त्वाचे काम मेच्या मध्यावर, पाऊस यायच्या दोनेक आठवडे आधी. ठोंबाला मध्यावर सुतळीचे दोन वेढे घट्ट द्यायचे आणि खाली १५ ते २० सेंटिमीटरवर कोयत्याने कापायचे. बांधलेली पेंढी एकदम उचलून नेता येते, वाफाभर काड्या पसरत नाहीत. हातमोजे घालावेत, पानांच्या कडा बोटे कापतात. जुना वाळका पसारा ठेवला तर तो भिजून बुंध्याशी चिखलासारखा बसतो, आणि उन्हाळ्यात तीच वाळकी काडी वाळवीला आमंत्रण. भिंतीला लागून असेल तर आगीचीही भीती.

चारपैकी दोन ठोंब तरीही मधून कुजले. कारण साधे: उन्हाळ्यातले पालापाचोळ्याचे आच्छादन जूनमध्ये बुंध्यापासून मागे ओढले नव्हते. ओळखायचे कसे? मधला एखादा फुटवा दोन बोटांत धरून हलकेच ओढावा. निरोगी असेल तर हलत नाही. कुजलेला कांद्याच्या पातीसारखा अलगद हातात येतो, खालचे टोक तपकिरी आणि आंबट वासाचे. तेव्हा सगळा ठोंब काढून मधला भाग फेकायचा आणि कडेचे पाच-सहा फुटव्यांचे तुकडे करून लावायचे, बुंधा जमिनीच्या दोन सेंटिमीटर वर राहील असे. हे जांभळे गवत बी जवळजवळ धरत नाही, रोपे अशी ठोंब फोडूनच होतात. जुलैत पानांवर नारिंगी पूड दिसली, तो तांबेरा. ती पाने कापून वाफ्याबाहेर टाकली की पुरते, औषध मारायची गरज पडली नाही.

याच गवताचा हिरवा भाऊ स्वस्तात मिळतो. तो घेऊ नये. त्याचे बी वाऱ्यावर उडते, हवाईत ते उपद्रवी तण ठरले आहे. आपल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, पावसाळ्यात आपली आपली गवते आणि फुले येतात, त्यांच्यात हे घुसवण्याचे काही कारण नाही.

पंपासबद्दल दोन ओळीच पुरेत. फोटोतले पांढरे झुपके पाहून घेतले जाते. दहा महिन्यांत एकही तुरा नाही, फक्त करवतीसारख्या पानांचा ढीग. काढून टाकला. वाळा मात्र न सांगता वाढला. त्याची मुळे आडवी न पसरता दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, त्यामुळे उतारावरची माती धरून ठेवायला याच्यासारखे दुसरे नाही. रंग नाही, शोभा बेताची, पण जुलैच्या झडीत ताठ उभा होता तो हाच. कुंडीत किंवा पायरीशी हवे असेल तर गवती चहाचा ठोंबही काही कमी देखणा नसतो. नेहमी चहात पडतो म्हणून कोणी त्याला शोभेचा म्हणत नाही इतकेच.

साल्व्हिया तुळशीच्या कुळातली. दांडा बोटांत फिरवला की चौकोनी लागतो. नोव्हेंबरपासून रस्त्याकडेच्या रोपवाटिकांत लाल साल्व्हिया पिशव्यांतून मिळते, फुललेली. तशी आणली तर घरी येताच तुरा कापावा. जीवावर येते, पण पिशवीत मुळे गुंडाळलेली असतात आणि फुलाच्या भाराने रोप तिथेच थांबते.

बियांपासून करणे अवघड नाही. बी मातीवर फक्त टेकवायचे, झाकायचे नाही. त्याला उजेड लागतो. पाणी वरून न देता ट्रे पाण्यात ठेवून खालून द्यावे, नाहीतर कोवळी रोपे बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडतात. दहा ते चौदा दिवसांत उगवते. तीन जोड्या पाने आली की शेंडा खुडायचा, मग ३० सेंटिमीटरवर लावायचे. लाल जात पेरल्यापासून आठ-दहा आठवड्यांत फुलते, निळी त्याहून महिनाभर उशिरा. पंधरा दिवसांनी एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला २ ग्रॅम, त्याहून जास्त नको.

लाल साल्व्हियात एक फसवणूक असते. फुलाची नळी चार दिवसांत गळते, पण तिच्याखालचा कपही लालच असल्याने तुरा फुललेला वाटत राहतो. कप फिकट पडेपर्यंत थांबू नये. अर्ध्या नळ्या गळाल्या की तुरा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापावा, तीन-चार आठवड्यांत नवे येतात. मार्चनंतर हिला दुपारचे ऊन सोसत नाही. निळी अधिक टणक, एप्रिलपर्यंत फुलली. तिच्यावर भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या दिवसभर. एप्रिलमध्ये दोघींवर लाल कोळी आला: पाने धुरकट, मागे बारीक जाळे. पानांच्या मागून जोरात पाणी मारणे आणि संध्याकाळी निंबोळी तेल ५ मिली अधिक साबणाचे थेंब एका लिटरात, आठवड्याने पुन्हा.

पाऊस सुरू झाल्यावर लाल जात पंधरा दिवसांत गेली, निळी जुलैच्या सुरुवातीला. उपटून पाहिले तर मुळांची साल हातात निसटते, आतला दोरा उरतो: मूळकूज. बुरशीनाशकाने हे वाचत नाही आणि वाचवूही नये. या हंगामी रोपांसाठी तेवढा खर्च कशाला? जांभळ्या मखमली तुऱ्यांच्या मेक्सिकन जातीने लांबलचक काड्या दिल्या आणि मोजकी फुले, तिला थंडी हवी. रोजमेरी २०१७ पासून शास्त्रीयदृष्ट्या साल्व्हियातच धरली जाते, आणि गोव्यात तिची कुंडी जुलैत मरते ती याच मूळकुजीने. पागोळ्यांपासून दूर, छपराखाली ठेवली तर तगते.

उरली कॉक्सिनिया, लाल सुट्या फुलांची, रोपवाटिकेत क्वचित दिसणारी. हीच खरी निवड. मूळ झाडे पावसात विरळ झाली, पण बी पडून जुलैत खाली नवी रोपे उभी राहिली. बी ओले झाले की सब्जासारखे बुळबुळीत वेष्टन धरते आणि चिऱ्याच्या सांध्यातसुद्धा रुजते. शिंजीर सकाळी हिच्यावर न चुकता येतो. विरळणी मात्र करावी लागते, नाहीतर वाफा तिचाच.

एक गोष्ट कोणत्याही लेबलवर नसते. फाटक उघडे राहिले की भटकी गुरे गवताचा ठोंब जमिनीपर्यंत खातात. साल्व्हियाच्या पानांना वास असल्याने तिला हुंगून सोडतात. वाफा रस्त्याला लागून, कुंपणाविना असेल तर वादच मिटला. आणि गवताच्या दाट ठोंबात जनावर (साप) बसण्याची धास्ती असेल, तर दारापासून तो तीन मीटर लांब लावावा आणि बुंधा मोकळा ठेवावा.

या हंगामाची मांडणी अशी: मागे कुजून उरलेल्या तुकड्यांतून केलेली जांभळ्या गवताची पाच रोपे, उताराच्या टोकाला वाळा, पुढे कॉक्सिनिया कायमची, आणि तिच्या मधल्या जागा निळ्या साल्व्हियासाठी रिकाम्या. निळीचे बी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छपराखाली ट्रेमध्ये पेरायचे, पाऊस ओसरला की दसऱ्यानंतर वाफ्यात.