मदरबोर्ड बदलून गेममध्ये २३ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतात म्हणे!

जाहिरातीत दोन मदरबोर्डांची तुलना करणारा आलेख होता. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, गेम तोच. साध्या बी६५० बोर्डावर १२१ एफपीएस, त्यांच्या ‘गेमिंग’ एक्स६७०ई बोर्डावर १४४. माझ्याकडे अगदी तोच संच, तोच बी६५० बोर्ड, आणि मलाही १२१च मिळत होते. मग विश्वास का बसणार नाही? जुन्याच्या अडीचपट पैसे मोजून नवा बोर्ड घेतला. बसवला. १२२!

आता त्या आलेखाकडे बघताना अंगाचा तिळपापड होतो. महागड्या बोर्डाचा लाल बार तिप्पट उंच, कारण खालची रेघ शून्यापासून नाही, ११० पासून सुरू. (बार बघण्याआधी अक्ष बघा.) आणि कोपऱ्यात सीपीयू-झेडची (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची) इवलीशी खिडकी: एका चित्रात रॅम २४०० मेगाहर्ट्झ, दुसऱ्यात ३०००. ती मी पाहिली होती! पाहून पुढे गेलो. पण सीपीयू-झेड डीडीआर रॅमचा आकडा निम्माच दाखवतं. खरा फरक ४८०० आणि ६००० चा, हे त्या मुंगीएवढ्या अक्षरांतून कुणाच्या लक्षात येणार? साध्या बोर्डावर एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) बंद, महागड्यावर चालू. एवढीच जादू. जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये एक्स्पो चालू केलं, फुकटात १४३ आले.

एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ आणला तेव्हाच मेमरी कंट्रोलर (रॅम हाताळणारा भाग) बोर्डावरून प्रोसेसरमध्ये गेला. ग्राफिक्स कार्डाच्या मुख्य स्लॉटच्या लेनही (डेटाच्या वाटा) आता थेट प्रोसेसरमधून येतात. बोर्ड एफपीएस आणणार कुठून? व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग), एसएसडीचे एम.२ स्लॉट, पोर्ट बघून बोर्ड घ्या. तुलनेत रॅमचा वेग लिहिला नसेल तर पान बंद करा.

विक्रेता म्हणतो, “निकाल बदलू शकतात, असं खाली लिहिलंय.” अहो, निकाल बदलला नाही, सेटिंग बदललंत तुम्ही! खोका उघडला म्हणून परतीत १५ टक्के कापणार ते वेगळंच. तक्रार कक्षाला सगळे स्क्रीनशॉट पाठवले. प्रश्न आला, “वस्तू चालू आहे का?” चालू आहे म्हटलं, तर तक्रार बंद. पुन्हा नोंदवली, तर एक साहेब फोनवर सांगतात, गेममधल्या आकड्यांची दखल आम्ही घेत नाही. पैसे काय गेममधले दिले होते? आता म्हणे बोर्डात दोष असल्याचं तज्ज्ञाचं पत्र आणा. बोर्डात दोष नाही, जाहिरातीत आहे, हे तिसऱ्या माणसाला समजावतोय.