ब्लेंडरमध्ये देवनागरी: नावं चालतात, अक्षरं अडतात

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ४ मालिकेत वस्तूंना मराठी नावं खुशाल द्या. मर्यादा ६३ बाइटची; देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी मात्रासुद्धा, ३ बाइट खातं. म्हणजे २१ चिन्हांत आटपायचं.

खरी गोची थ्रीडी टेक्स्टमध्ये. देवनागरी फाँट लावूनही जोडाक्षरं फुटतात आणि 'किती'तली पहिली वेलांटी 'क'च्या डावीकडे यायची ती उजवीकडे जाऊन बसते, कारण अक्षरं जुळवणारी यंत्रणाच तिथे नाही. त्यापेक्षा इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा (अक्षरांचे आकार होतात), मग 'युनियन' (ते आकार एकसंध होतात), आणि ती एसव्हीजी फाइल ब्लेंडरमध्ये आणा. युनियन करायचं राहिलं तर शिरोरेघा एकमेकींवर चढतात तिथे भोकं पडतात. आलेली अक्षरं इतकी बारीक असतात की काही आलंच नाही असं वाटतं; निवडून मोठी करा, मग 'एक्स्ट्रूड' करून जाडी द्या. मजकुरात एक काना बदलला तरी सगळं पहिल्यापासून, हे मात्र वैतागवाणं.