निर्वासित आणि स्थलांतरित रुग्णांसाठीचं आरोग्य-समता प्रशिक्षण: काही महिने वापरल्यावर

प्रशिक्षण संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं. मी नर्स आहे, आमच्या ओपीडीत निर्वासित कुटुंबं नेहमी येतात. त्यामुळे रोजच्या घाईत त्यातलं काय टिकलं, हे आता खात्रीने सांगू शकते.

सर्वांत जास्त कामी आला तो दुभाष्याचा भाग. बघायचं रुग्णाकडे, बोलायचं रुग्णाशी: ‘त्यांना विचारा कुठे दुखतं’ असं नाही, थेट ‘तुम्हाला कुठे दुखतं?’. एका वेळी एकच प्रश्न. घरातल्या मुलाला दुभाषी करायचं नाही, ते कितीही चुणचुणीत असो. आईच्या अंगावरून जाण्याबद्दल दहा वर्षांच्या पोराने विचारायचं, हा दोघांवरही अन्याय आहे. शिवाय आई त्याच्यासमोर खरं बोलणारच नाही. देशावरून भाषा ठरवू नका, हेही मनावर ठसलं. कुर्दिश म्हणजे कुरमांजी की सोरानी? अफगाणिस्तानातून आलेल्या बाई दरी बोलतात की पश्तो? आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर आता देशाआधी भाषा आणि बोली विचारतात. समाज लहान असेल तर दुभाषी ओळखीतलाच निघतो आणि रुग्ण गप्प बसतो. अशा वेळी फोनवरचा, दुसऱ्या गावचा दुभाषी बरा.

वैद्यकीय भाग आटोपशीर आहे, पण भरीव. स्ट्राँगिलॉइडिस हा जंत शरीरात कित्येक वर्षं काही त्रास न देता राहू शकतो, आणि दम्यासाठी किंवा इतर कशासाठी स्टेरॉइड दिलं की जिवावर बेतू शकतो. म्हणून स्टेरॉइड सुरू करण्याआधी रुग्ण कुठे कुठे राहिला आहे हे विचारायचं. मध्य आफ्रिकेत राहून आलेल्याला या जंतावरचं औषध आयव्हरमेक्टिन देण्याआधी लोआ लोआ या दुसऱ्या जंताचा विचार करायचा, नाहीतर औषधच मेंदूला घातक ठरू शकतं. सुप्त क्षयाबद्दल घरच्यांना काय सांगायचं, याचा सरावही करून घेतला: जंतू अंगात आहेत, पण आज तुम्ही आजारी नाही आणि तुमच्यापासून कुणाला लागण होत नाही. अनेकांच्या कागदांवर जन्मतारीख 1 जानेवारी असते, कारण ती अंदाजाने घातलेली असते. मुलांची वाढ किंवा लसी तपासताना याचा फार फरक पडतो.

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये मांडलेले प्रश्न मी जवळजवळ रोज वापरते: हा त्रास कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? याची उत्तरं ऐकल्यावर अनेकदा तपासणीची दिशाच बदलते.

आता तक्रार. एका धड्यात देशवार तक्ते आहेत: अमक्या देशातले लोक वेदना बोलून दाखवत नाहीत, तमक्या देशातल्या बायका नजर देत नाहीत. पुढच्याच धड्यात ‘माणसाला विचारा, गृहीत धरू नका’ असं शिकवतात. हे तक्ते काढून टाकावेत, असं माझं ठाम मत आहे. एकाच गावातून आलेल्या शिक्षिकेची आणि शेतमजुराची गरज सारखी नसते.

दुसरी उणीव मोठी आहे. सगळा भर आमच्या वागण्यावर आणि वेळापत्रकाबद्दल चकार शब्द नाही. दुभाषी आला की बोलणं जवळजवळ दुप्पट लांबतं. मधल्या काही आठवड्यांत शिकलेलं सगळं माहीत असूनही वापरता येत नव्हतं, मागे रांग उभी. वरिष्ठांशी भांडून अशा रुग्णांसाठी दुहेरी अपॉइंटमेंट मिळवली, तेव्हा कुठे गाडी मार्गी लागली.

कागदपत्रांच्या भीतीलाही फार थोडी जागा दिली आहे. आपली माहिती पोलिसांकडे जाईल या धास्तीने लोक तापात घरी बसतात. वास्तव्याचा दर्जा उपचाराला लागत नसेल तर केसपेपरवर लिहू नये, एवढं तरी स्पष्ट सांगायला हवं होतं.

तरीही घ्याच. फक्त डॉक्टर-नर्सना पाठवू नका. रिसेप्शन आणि औषधांच्या खिडकीवरच्या लोकांनाही सोबत बसवा, कारण रुग्ण पहिल्यांदा बोलतो तो त्यांच्याशी. आणि नाव नोंदवण्याआधीच वरिष्ठांकडून जास्तीची वेळ आणि दुभाष्याची सोय लेखी मंजूर करून घ्या.