पांढरा वुड ॲस्टर की निळा?

झाडांखाली या दोन फुलझाडांपैकी एकच लावायचं, तर कोणतं? दोन्ही पूर्व उत्तर अमेरिकेतल्या जंगलांचे, सूर्यफुलाच्याच कुळातले. १९९०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना ॲस्टर प्रजातीतून वेगळं काढलं, पण जुनं नाव काही सुटलं नाही.

पांढरा बुटका, फूट-दोन फुटांचा. मोठ्या झाडांच्या मुळांनी पाणी शोषून कोरड्या केलेल्या गर्द सावलीतही तग धरतो. तिथे दुसरं फारसं काही फुलत नाही. फुलांचा पिवळा मध्य पुढे लालसर होतो, ते बघायला मजा येते. जमिनीखालच्या खोडांनी हळूहळू पसरतो.

निळा दोन ते चार फूट, फुलोरा भरगच्च, बहर थोडा उशिरा. मात्र बी पाडून वाटेल तिथे उगवतो, उपटत बसावं लागतं.

कोरडी, अंधारी जागा असेल तर पांढरा. थोडं ऊन आणि उपटायची तयारी असेल तर निळा.