आल्याची बिअर घरी: यीस्टची बाटली की गॅसचा केग?

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. बार्ली आणि हॉप्सची खरी बिअर महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी करता येत नाही. १९४९ चा दारूबंदी अधिनियम हौस आणि धंदा असा भेद करत नाही. पण बिअरवाल्यांचं सामान, म्हणजे केग (दाब सोसणारं बंद पिंप), रेग्युलेटर (गॅसचा दाब नेमका ठेवणारं यंत्र) आणि नळ, आल्याच्या नाहीतर संत्र्याच्या फसफसत्या सरबताला तंतोतंत चालतं. किंबहुना १९ लिटरचा स्टीलचा 'कॉर्नी' केग मुळात सोड्याच्या सरबतासाठीच निघाला, बिअरवाल्यांनी तो नंतर उचलला. प्रश्न एवढाच की फसफस आणणारा गॅस, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, यीस्टकडून करून घ्यायचा की सिलिंडरमधून सोडायचा.

यीस्टचा रस्ता स्वस्त. लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम आलं ठेचून उकळायचं, ऐंशी-शंभर ग्रॅम साखर विरघळवायची, लिंबू पिळायचं, कोमट झालं की चिमूटभर यीस्ट टाकून थंड पेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरायचं. वर चार बोटं जागा सोडायची. बाटली रोज दाबून बघायची. अंगठा आत जाईना झाला की लगेच फ्रिजमध्ये. काचेच्या जुन्या बाटल्यांच्या वाटेला जाऊच नका. प्लॅस्टिकची बाटली फुगून इशारा देते, काच थेट फुटते.

चव विचाराल तर यीस्टची सरस. आल्याचा झणका थोडा मुरतो, साखरेचा गोडपणा बोथट होतो. सिलिंडरच्या गॅसने ते होत नाही. जे सरबत आत घालाल तेच फसफसून बाहेर येतं.

पण यीस्ट गॅस एकटा देत नाही. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर त्याने खाल्ली की त्या द्रवाच्या आकारमानाइतका गॅस तयार होतो आणि सोबत पाव टक्क्याच्या आसपास अल्कोहोल. दुकानातल्या कोल्ड्रिंकसारखी फसफस हवी तर तिप्पट, म्हणजे १२ ग्रॅम. तिथे अल्कोहोल पाऊण टक्क्यापर्यंत जातं. एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, ०.५ टक्क्यांच्या वरच्या पेयाला मद्य म्हणते. त्यात तुम्ही साखर घातलीय ऐंशी ग्रॅम. फ्रिजमध्ये जाईपर्यंत यीस्ट थांबणार कशाला? घरात लहान मुलं असतील, किंवा कायद्याच्या बाजूने निर्धास्त राहायचं असेल, तर निवड इथेच संपते: सिलिंडर.

ज्यांची अजून संपली नाही त्यांच्यासाठी नागपूरचा उन्हाळा आहे. बहुतेक यीस्टला वीस ते पंचवीस अंश मानवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, आणि स्लॅबखालची खोली रात्रीही निवत नाही. थंडीत दोन-तीन दिवस घेणारी बाटली उन्हाळ्यात सकाळी भरली तर संध्याकाळी दगड झालेली असू शकते. ओलं पोतं गुंडाळून बादलीत, कूलरच्या झोतासमोर ठेवली तर कोरड्या हवेत तापमान बऱ्यापैकी उतरतं. मृगाचा पाऊस लागला आणि हवा दमट झाली की ही युक्ती गेली. त्यातून फ्रिज भरलेला असताना दुपारी लाइट गेली, तर बाटल्यांकडे नुसतं बघत बसायचं. माझं मत सांगतो: यीस्टचा खेळ दिवाळीनंतर होळीपर्यंत, पुढे नाही.

केगलाही उन्हाचं वावडं आहेच, फक्त ते वेगळ्या जागी. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांपर्यंतच दाबाखाली द्रव राहू शकतो. त्यापुढे द्रव-वायू हा भेदच उरत नाही आणि सिलिंडरमधला दाब भराभर चढतो. म्हणून सिलिंडर वजन करून, ठरलेल्या मापाइतकाच भरून घ्या आणि तो गच्चीवर, बाल्कनीत, बंद गाडीत ठेवू नका. गॅस खाद्यपेयांच्या दर्जाचाच मागा. तो हवेपेक्षा जड, त्याला वासही नाही. गळला तर कळत नाही आणि माणूस गुदमरतो, म्हणून सिलिंडर खिडकी नसलेल्या कोठीत तर नकोच.

थंडाव्याशिवाय केग अर्धवट. ४ अंशांना पंधरा-सतरा पीएसआय (रेग्युलेटरवरचं दाबाचं माप) दाबात चांगली फसफस चढते, तीस अंशांना त्यासाठी जवळपास तिप्पट दाब लागतो आणि ग्लासात नुसता फेस येतो. म्हणजे कप्पे काढलेला जुना फ्रिज हवा, कारण हा उभा केग घरच्या फ्रिजमध्ये भाजी-दुधासोबत मावत नाही. खरा खर्च तिथे आहे. केग आणि रेग्युलेटर एकदाच घ्यायचे. शिवाय रबरी रिंगांना आल्याचा वास असा धरतो की पुढच्या संत्र्याला तो लागतोच, म्हणून त्यांचा एक जोड वेगळा ठेवायचा. झाकण उघडण्याआधी कडी ओढून दाब सोडायचा, ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावायची.

संत्र्यासाठी तर केगच. यीस्ट संत्र्याची साखर खातं आणि मागे आंबट, पातळ पाणी उरतं. गॅसने रस रसच राहतो. फक्त तो मलमलीतून दोनदा गाळून घ्या, गर राहिला की नळातून फेसाशिवाय काही येत नाही. आणि बिया चिरडू नका: त्यांतल्या, तसंच आतल्या पांढऱ्या सालीतल्या लिमोनिनमुळे ताजा गोड लागलेला रस काही तासांनी कडवट होतो. भरपूर काढून ठेवू म्हणणाऱ्यांची फसगत होते ती इथेच. भरला त्याच दिवशी थंड करा, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

दोघांच्या मधला एक मार्ग आहे, आणि दोन-तीन माणसांच्या घराला मी तोच सुचवेन. साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर बसणारं कार्बोनेशन कॅप मिळतं. त्याला सिलिंडरची नळी जोडायची, बाटली दाबून आतली हवा काढायची, थंडगार सरबतात गॅस सोडून मिनिटभर जोरात हलवायची. लगेच तयार. एकोणीस लिटरचा केग, वेगळा फ्रिज, काही लागत नाही. रेग्युलेटर आणि सिलिंडर तेच राहतात, त्यामुळे पुढे केग घ्यावासा वाटलाच तर यातलं काही फेकावं लागत नाही. कॅप धुतल्यावर आतली वाल्व मात्र उलटी करून वाळवा. लिंबाचा गर अडकला की ती गळायला लागते.