चांदण्या की चित्रं?

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या मराठी प्राथमिक शाळेत एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही असं) मूल आणि स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल एकाच वर्गात असू शकतं. त्यांना सांभाळायला बाईंच्या हाताशी सोपे उपाय दोन: चांगल्या वागण्याला चांदणी चिकटवायचा तक्ता किंवा दिवसाचा क्रम दाखवणारं चित्रांचं वेळापत्रक. (छडी २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने बाद केलीय, बरंच झालं.)

चांदणी एडीएचडीच्या मुलाला चालते, पण लगेच दिली तर. दहा मिनिटं जागेवर बसला, लावा चांदणी. शुक्रवारी बक्षीस म्हटलंत तर सोमवारीच विषय संपला. आणि मिळवलेली चांदणी रागाने काढून घेणं हा शुद्ध अन्याय.

स्वमग्न मुलाचं गणित वेगळं. त्याचा आरडाओरडा बहुतेकदा खोडी नसतेच. आवाज किंवा अचानक झालेला बदल त्याला सोसत नाही. चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, शेजारच्या वर्गात घुमट या वाद्याची तालीम सुरू झाली की ते कान दाबून बाकाखाली शिरतं. तिथे चांदणीचं आमिष काय कामाचं? त्यापेक्षा सकाळीच फळ्याशेजारी क्रमाने चित्रं लावावीत: मराठी, गणित, आहार, घुमट आणि घुमटाच्या वेळी बसायचा शांत कोपरा. बेत बदलला तर चित्र त्याच्याच हातून बदलून घ्यावं.

माझं मत चित्रांना. तयारीला वेळ जातो खरा, पण ती एडीएचडीच्या मुलालाही उपयोगी पडतात.